आधी एसएमपीएस बघा, मग कार्डाचं बोलू

गेल्या महिन्यात सहज लिहिलं होतं की घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर गेम खेळायचेत आणि खिसा हलका आहे, तर कुठं अडतंय ते कळवा. एवढे प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, जे पुन्हापुन्हा आले त्यातले काही घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच दळण नको. जुन्या पीसीवर पैसा टाकताना मी एकच हिशोब धरतो, ही वस्तू उद्या नवा पीसी घेतला तर त्यात जाईल का? एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) जाते, चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जातो, ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र रंगवणारं) जातं. डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीची रॅम आणि दहा-बारा वर्षांचा प्रोसेसर नाही जात, ते डब्याबरोबर भंगारात. भाव मुद्दाम कमी लिहिलेत, छापून येईपर्यंत बदलतात, आणि रॅमचं २०२५च्या शेवटापासून जे चाललंय ते बघता तर नकोच.

प्रश्न : दादा, काकांच्या ऑफिसातून आलेला पीसी आहे. आय५-२४००, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅमची एकच स्टिक, ५०० जीबी हार्डडिस्क, कार्ड नाही, कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस आणि साडेअठरा इंची मॉनिटर. गणपतीत मंडपाच्या लाइटिंगची कामं करून १२ हजार जमवलेत. जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळायचंय. दुकानदार जीटी ७३० देतोय, म्हणतो ४ जीबीचं आहे, सगळं उडवतं. घेऊ का?
— बारावीतला पोरगा, इचलकरंजी

उत्तर : नको घेऊ. कष्टाचे पैसे आहेत तुझे. कार्डावर किती जीबी हे फक्त टाकी केवढी एवढंच सांगतं, पाणी येतं ते नळातून, आणि ७३०चा नळ पार बारीक आहे. त्याच्या ६४ बिट डीडीआर३वाल्या मॉडेलमधून सेकंदाला जेमतेम १४ जीबी डेटा जातो. २०१४चं जीटीएक्स ७५० टीआय, ज्याची मेमरी नुसती २ जीबी, त्यातून ८६ जीबी जातो आणि जीटीएक्स १६५०मधून १२८च्या पुढं. म्हणून तो ‘४ जीबी’ मोठ्या अक्षरात छापलेला खोका बघून हुरळू नको. ७३० हे दुसरा मॉनिटर लावायला, सिनेमे बघायला ठीक कार्ड आहे, गेमिंगचं नाही.

आता तुझ्या एसएमपीएसकडं वळू, कारण कार्ड घ्यायच्या आधी ते बघायचं असतं आणि सगळे नेमकं उलटं करतात. ४५० वॅट हा आकडा नुसता रंगवलेला असू शकतो. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढ, एसएमपीएसवर एक तक्ता असलेला स्टिकर दिसेल, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघ आणि त्याला १२ने गुण. समजा १४ आहे, मग झाले १६८ वॅट. राहिलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर दाखवून बेरीज फुगवलेली असते, पण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. तुझा प्रोसेसर एकटा ९५ वॅटच्या वर्गातला, वर कार्डाचे ७५, म्हणजे १७० तिथंच झाले आणि डिस्क, पंखे, बोर्ड अजून जेवायचेच आहेत. असा एसएमपीएस गेम चालू असताना एक दिवस ‘टप्’ करतो आणि जाताना शेजाऱ्याला घेऊन जातो. तेव्हा पहिली खरेदी ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवतो याची खूण), खरा ४५० वॅटचा एसएमपीएस, नवा आणि बिलासकट. सेकंडहँड काहीही घे पण एसएमपीएस नको. तो पुढच्या पीसीतही कामाला येणार, त्यामुळं जीवावर आलं तरी घे.

दुसरी खरेदी एसएसडी. साधी २.५ इंची साटा घे, २५६ जीबी विंडोज आणि व्हॅलोरंटला पुरते, जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या आसपास खातो म्हणून जमलं तर ५१२. तुझ्या एच६१ बोर्डावर साटाचे पोर्ट जुन्या ३ गिगाबिटवाले, म्हणजे खोक्यावर लिहिलेले ५५० एमबी तुला कधी दिसणार नाहीत, साधारण निम्मा स्पीड मिळेल. तरी घाबरू नको, हार्डडिस्कशी तुलना केली तर खरा फरक शोधाशोधीच्या वेळेत पडतो आणि तो पूर्णच्या पूर्ण मिळतो. विंडोज नव्यानं टाकायच्या आधी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतं ते बोर्डाचं सेटिंग) साटा मोड एएचसीआय, म्हणजे नवी पद्धत, आहे ना ते बघ, जुन्या ऑफिसच्या मशिनला बऱ्याचदा जुना आयडीई असतो. आधी टाकून मग मोड बदललास तर निळी स्क्रीन येते आणि मग रात्रभर डोकं धरून बसायचं.

रॅम. ४ जीबीच्या एका काडीवर आज काहीही खेळू नये. सारख्या दोन काड्या लाव, ४ अधिक ४ चालेल, ८ अधिक ८ उत्तम, एच६१ला १६च्या वर जात नाही. दोन काड्या एवढ्यासाठी की मग ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्हींतून एकदम डेटा जातो. आणि बाजारात स्वस्त डीडीआर३ काड्या मिळतात त्या ‘फक्त एएमडी’वाल्या असतात, इंटेलच्या बोर्डात घातल्या की पीसी नुसता बीप मारत बसतो. विचारून घे, परत घेणार का तेही विचार. नव्याच्या मागं लागू नको, सेकंडहँड रॅम साधारण टिकते, लावायच्या आधी सोनेरी पट्टी खोडरबरानं घासून घे, गावठी वाटतं पण चालतं.

आता उरलेत त्यात कार्ड. बोर्डाच्या लांब स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेवढ्यात भागणारं, वेगळी वायर न लागणारं कार्ड तुला सोयीचं, म्हणजे सेकंडहँड १०५० टीआय किंवा १६५०. १६५०च्या काही मॉडेलना ६ पिनची वायर लागते, बघून घे. दोघांत माझं मत १६५०ला, कारण एनव्हिडियानं १०५० टीआयच्या पिढीचे गेम-रेडी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्या गेमसाठी सुधारलेलं) ऑक्टोबर २०२५ला थांबवले, आता २०२८पर्यंत नुसते सिक्युरिटीपुरते येतील. जीटीएला आणि व्हॅलोरंटला याचा आज फरक पडत नाही, त्यामुळं पैसे कमी पडले तर १०५० टीआयही चालेल, पण मग त्या हिशोबानं भाव पाडून माग.

जीटीए ५चं ‘लेगसी’ म्हणजे जुनं व्हर्जनच खेळ. मार्च २०२५ला आलेल्या ‘एनहान्स्ड’च्या किमान यादीतच आय७-४७७० आणि एसएसडी आहे. सेटिंगमध्ये गवत एकदम खाली आण, ते कार्डाचा जीव घेतं, आणि पॉप्युलेशन डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी कर, ती प्रोसेसरचा घेते. तुझा मॉनिटर १३६६ बाय ७६८ असणार, लाज वाटून घेऊ नको, फुल एचडीच्या निम्मेच पिक्सेल कार्डाला रंगवायचे असतात, स्वस्त कार्डाला हा मॉनिटर म्हणजे वरदान.

व्हॅलोरंटची मात्र एक गोम आहे. यूट्यूबवर बघून पोरं जुन्या मशिनवर जुगाड करून विंडोज ११ टाकतात आणि मग गेम ‘व्हॅन ९००१’ असा एरर देतो. विंडोज ११वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं आणि तुझ्या बोर्डात टीपीएम २.० नाहीच. विंडोज १०वर ती अट सरसकट नाही, म्हणून तू १०वरच राहा. १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, घरगुती पीसीला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, ती नोंदणी कर. त्या पीसीवर घरच्यांचं बँकेचं काम नको.

प्रोसेसर बदलू का हे तू विचारलं नाहीस पण दुकानदार सुचवेल. आय७-२६०० तुझ्या बोर्डात सरळ बसतो, आय७-३७७०ला बायोस अपडेट लागू शकतो. फार स्वस्तात मिळाला तर बघ, नाहीतर सोड. या दोघांतही एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या काही नव्या आज्ञा) नाही, ते इंटेलच्या २०१३च्या हॅसवेल पिढीपासून आलं, आणि हल्लीचे काही मोठे गेम त्याशिवाय उघडतच नाहीत, मग पीसीत कुठलंही कार्ड असो. तिथं पैसा ओतणं म्हणजे पडक्या घराला डिस्टेंपर.

प्रश्न : नवीन कार्ड आणलं, १६५०, पण मागं निळं पोर्टच नाही आणि माझा मॉनिटर व्हीजीए. दुकानदारानं डीव्हीआयचा कनेक्टर दिलाय तो बसत नाही. सध्या केबल जुन्या जागी लावलीये, पण गेममध्ये काडीचा फरक नाही. कार्ड खराब आहे का?
— लातूर

उत्तर : कार्डाला दोष देऊ नका, ते बिचारं आत बसून आहे, त्याला काम कोणी दिलंय? जुनी जागा म्हणजे मदरबोर्डचं पोर्ट, तिथून जे दिसतं ते प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. केबल कार्डालाच लागली पाहिजे. एनव्हिडियानं १००० सीरिजपासून कार्डातून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल काढून टाकला, त्यामुळं नुसत्या पिना जोडणारा तो डीव्हीआय कनेक्टर बसतच नाही, जबरदस्ती करून पिना वाकवू नका. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आत छोटी चिप असलेला, केबलसारखा दिसणारा नको. काहीशे रुपयांचं काम आहे.

प्रश्न : आय५-४५७०, १६ जीबी, १०५० टीआय. पहिली वीस मिनिटं मस्त चालतं, मग एकदम अडखळायला लागतं. गेम बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा वीस मिनिटं. आमच्याकडं दमट हवा, समुद्र जवळ. आता कार्ड बदलायचं म्हणतोय.
— मडगाव

उत्तर : चहा पिऊन आल्यावर बरं होतं म्हणता ना, मग तुमचं निदान तुम्हीच केलंय, मशिनला ताप येतोय. एचडब्ल्यू मॉनिटरसारखं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका, गेम चालू करा आणि अडखळायला लागलं की आकडे बघा. प्रोसेसर नव्वदीच्या पुढं गेला असेल तर तो स्वतःला वाचवायला स्पीड पाडतोय, नवं कार्ड घेतलंत तरी हेच होणार, उलट जास्त.

कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा बघा. इंटेलबरोबर येणाऱ्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, ढकलून बसवायच्या, त्यातली एक वर्षानुवर्षांनी सैल होते आणि पंखा एका बाजूनं उचलला जातो. दिसताना सगळं जागेवर, पण टेकलेलं नसतं. अशा केसमध्ये पंचवीस-तीस डिग्रीचा फरक मी डोळ्यांनी बघितलाय. पंखा काढा, खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असेल, ती खरवडू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. मग नवी पेस्ट वाटाण्याएवढी, लोण्यासारखी थापायची नाही. खुंट्या तिरक्या क्रमानं दाबा, म्हणजे एक दाबली की मग तिच्या समोरची, आणि चारही पिना बोर्डाच्या मागं बाहेर आल्यात का ते टॉर्च मारून बघा.

धूळ ब्लोअरनं उडवा पण पंखा बोटानं धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्यानं तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि दमट हवेचं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या सगळ्यांना माझं एकच सांगणं, पावसाळ्यात पीसी महिनामहिना झाकून ठेवू नका. दोन-चार दिवसांनी तासभर चालू राहिला तर आतली ओल जाते, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळलेला पीसी सप्टेंबरात उघडावा तर स्क्रूसुद्धा गंजलेले. कार्ड बदलायचं हे सगळं करून झाल्यावर ठरवा. मला वाटतं शंभर-दीडशेच्या पेस्टमध्ये भागेल.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. ऑनलाइन क्लाससाठी आम्ही रिफर्बिश्ड घेतला होता, आडवा बारीक ऑफिसचा डबा, आय५-६५००, ८ जीबी. आता तो म्हणतो २५ हजारांचं कार्ड टाकलं की गेमिंग पीसी होईल. मला यातलं कळत नाही, पण कार्डाचा खोका त्या डब्यापेक्षा मोठा दिसतोय हो!
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला यातलं बरंच कळतंय. ते कार्ड त्या डब्यात शब्दशः मावणार नाही. अशा बारीक डब्यात फक्त ‘लो प्रोफाइल’, म्हणजे निम्म्या उंचीची कार्डं बसतात. शिवाय आतला एसएमपीएस साधारण २०० ते २५० वॅटचा, कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, बऱ्याच मॉडेलना बोर्डाकडं जाणारी पिनसुद्धा बाजारातल्या नेहमीच्या २४ पिनसारखी नसते. म्हणजे एसएमपीएस बदलायचा तर कॅबिनेट बदला, कॅबिनेट बदलायचं तर बोर्ड त्यात बसत नाही. गोधडीचा एक दोरा ओढला की सगळी उसवते ना, तसं.

मुलाला सांगा, दोनच रस्ते आहेत. पहिला, लो प्रोफाइल १६५०, वायर न लागणारं. फुल एचडीवर मध्यम सेटिंगला बरेच गेम चालतील. बरोबर ८ जीबीची अजून एक काडी आणि एसएसडी नसेल तर एसएसडी. याच आकारात आरएक्स ६४००ही मिळतं, वीजही कमी खातं, ५३ वॅट, पण त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाचे रस्ते) आहेत आणि ते पीसीआय एक्सप्रेस ४.०चा स्पीड धरून केलेलं आहे, तुमच्या बोर्डात जुना ३.० स्लॉट, म्हणजे तिथं त्याचा वेग थोडा मार खातो. म्हणून दोन्ही एकाच भावात असतील तर १६५०.

दुसरा रस्ता म्हणजे ते २५ हजार असेच ठेवायचे, त्यात बारावीच्या निकालानंतर भर घालायची आणि मग धड असेंबल करायचा. कुठला रस्ता ते तुम्ही घरचे ठरवा, मी त्या भांडणात पडत नाही! फक्त एक, मुलगा उल्लू बनवत नाहीये हं, त्याला खरंच माहीत नसणार. यूट्यूबवर कार्ड लावताना दाखवतात, डबा मोजताना कोणी दाखवत नाही. टेप घ्या आणि दोघं मिळून मोजा.

प्रश्न : रायझन ३ १२००, बी३५० बोर्ड, १०५० टीआय, १६ जीबी डीडीआर४. काउंटर-स्ट्राइक जुनं होतं तोवर भारी चालायचं, २ आल्यापासून वाट लागलीये. सगळा पीसी विकून नवा घेऊ का?
— हडपसर

उत्तर : अजिबात नको! आजच्या प्रश्नांत सगळ्यात नशीबवान तुम्ही आहात. काउंटर-स्ट्राइक २ सप्टेंबर २०२३ला आलं आणि जुन्यापेक्षा प्रोसेसरला खूप जास्त राबवतं, तुमच्याकडं चार कोअर चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं, दमणारच. पण तुमचं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४, आणि एएमडीनं २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० सीरिजपर्यंत ते तसंच ठेवलं. म्हणजे बोर्ड तोच, रॅम तीच, आणि त्यात रायझन ५ ५६०० बसतो, सहा कोअर बारा थ्रेड. इंटेलवाल्यांना असं सुख नाही, तिथं दर दोन पिढ्यांनी बोर्ड बदला.

खात्री मात्र आधी करा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये बघा, प्रोसेसर शंभराला टेकलाय आणि कार्ड साठ-सत्तरवर आळसावलंय, तर दोषी प्रोसेसर. अजून एक सोपी परीक्षा, गेमचं रिझॉल्यूशन एकदम खाली आणा, तरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) तेवढेच राहिले तर कार्ड सुटलं. उलट झालं तर मी चुकलो.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करायचा, नवा लावून मग स्क्रीन काळी का म्हणून विचारू नका. बोर्डाच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या यादीत ५६०० आहे का ते आधी वाचा, रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेला असतो. अपडेट यूपीएसवर करा, आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना हेही बघा, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्डाची वीट होते. गुरुवारी तर करूच नका, आपल्याकडं दुरुस्तीची लाइट त्याच दिवशी जाते.

दुकानात ५६००जी पुढं करतील, त्यात ग्राफिक्स आतच असतं म्हणून. तुमच्याकडं कार्ड आहे, तुम्हाला त्याचा उपयोग नाही, आणि जी-वाल्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) १६ एमबी तर साध्या ५६००मध्ये ३२, जी गेमला कामाची. कार्ड सध्या राहू दे, पुढच्या दिवाळीला बघा.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला आरएक्स ५८० ८ जीबी स्वस्त मिळतंय. मित्र म्हणतो मायनिंगचं असणार, हात लावू नको. खरंय का?
— कल्याण

उत्तर : मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला राबवलेलं, असण्याची शक्यता दांडगी आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि जगभरची कार्डं बाजारात आली, आपल्याकडंही. पण मायनिंगचं म्हणजे टाकाऊच असं मी म्हणणार नाही, सतत एकाच तापमानाला चाललेलं कार्ड कधीकधी धुळीत बंद-चालू झालेल्या घरच्या कार्डापेक्षा बरं निघतं. पंखे झिजलेले असतात आणि काहींचा बायोस बदललेला असतो. तेवढं बघायचं.

खरी भीती दुसरी आहे, ज्याला ५८० म्हणून विकतात ते ५८० असेलच असं नाही. ५८० ‘२०४८ एसपी’ नावाचं एक मॉडेल आहे, ते आतून जवळजवळ ५७०च, खऱ्या ५८०त २३०४ शेडर (कार्डातले छोटे हिशोबनीस) असतात. दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला लावा आणि शेडरचा आकडा स्वतः वाचा. मग फरमार्क (कार्डाला ताण देऊन बघणारं सॉफ्टवेअर) वीस मिनिटं चालवा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे, स्क्रीनवर ठिपके, रंगीत रेषा, जळका वास, पंख्याची घरघर काहीही वाटलं तरी चालते व्हा. टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच असते.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय पण मीही फसलोय. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी १०५० टीआय घेतलं, स्वस्तात मिळालं म्हणून खूश, घरी आणून लावलं तर गेम जुन्या कार्डाच्याही खाली. आत २०११चं ५५० टीआय निघालं, बायोस बदलून नाव तेवढं नवं चढवलेलं. मला खरं तर दुकानातच कळायला हवं होतं, त्याला मागं व्हीजीए पोर्ट होतं! वर लातूरच्या वाचकांना सांगितलंच आहे, खऱ्या १०५० टीआयला ते नसतं. परत गेलो तर तो म्हणतो आम्ही दिलंच नाही, आणि बिल नव्हतं.

तुमच्यासाठी शेवटचं, ५८० हे १८५ वॅटचं कार्ड, त्याला ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी. हार्डडिस्कच्या वायरीला जोडायचा तो दोन तोंडांचा कन्व्हर्टर खोक्यात फुकट टाकून देतात, तो खोक्यातच राहू द्या.

झटपट काही

अकोल्याहून विचारलंय, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस बदलू का? — आधी भिंतीतलं अर्थिंग तपासा. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट डब्यावर येतोच, चांगल्यातल्या चांगल्याचासुद्धा. वायरमनला बोलवा, आणि तोवर तिसरी पिन कापलेलं ते एक्स्टेन्शन फेकून द्या.

सोलापूर, लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलता येईल का? — जवळजवळ सगळ्यात ते बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, त्यामुळं नाही. रॅम, एसएसडी आणि खालची धूळ, एवढंच आपल्या हातात.

चंद्रपूर, इंटेलचं आर्क कार्ड स्वस्त आहे, चौथ्या जनरेशनच्या आय५वर घेऊ का? — नका. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात लागते, तुमच्या बोर्डात ती नाही, आणि तिच्याशिवाय ते कार्ड फार मागं पडतं.

आणि ‘गेम बूस्टर’ सॉफ्टवेअरबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना : अनइन्स्टॉल करा, तोच बूस्ट.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ बोर्ड, ४ जीबी. विमान चालवायची हौस आहे, मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर या मशिनवर चालेल असा काही उपाय सांगावा. खर्च पाच हजारांपर्यंत.
— सातारा

उत्तर : सर, नवा नाही चालणार. २०२०चा जो आहे त्यालाच किमान आय५-४४६०, जीटीएक्स ७७० आणि १५० जीबी जागा लागते, तुमचं मशिन त्याच्या धावपट्टीपर्यंतसुद्धा पोचणार नाही. पण त्याच घरातला फ्लाइट सिम्युलेटर एक्स, २००६चा, स्टीमवर अजून मिळतो आणि सेलमध्ये तर फारच स्वस्त असतो. तो कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एका कोअरवर जास्त अवलंबून, तुमचा २.९३ गिगाहर्ट्झचा त्याला पुरतो. ढग आणि विमानतळावरची गाड्यांची गर्दी कमी ठेवा, बाकी मजेत उडेल, आणि मुंबई-पुणे उड्डाण करायला ढगांची गरज कशाला?

गंमत म्हणजे इचलकरंजीच्या पोराला ज्या जीटी ७३०ला हात लावू दिला नाही तेच तुम्हाला घ्या म्हणतोय, सेकंडहँड, जीडीडीआर५वालं, म्हणजे वेगवान मेमरीचं, मिळालं तर बरं. या गेमला ते पुरतं, ताण कमी, वायर लागत नाही आणि तुमच्या मॉनिटरचं निळं पोर्टही बहुतेक मॉडेलना असतं. प्रोसेसर, रॅम काही बदलू नका, त्या मशिनवर तो खर्च वाया. हार्डडिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी टाका. आणि पैसे उरले तर कीबोर्डवर विमान चालवत बसू नका, यूएसबीचा जॉयस्टिक घ्या, थ्रॉटलवाला, तो पुढं कुठल्याही पीसीला लागतो.